अहिराणी 'शे' आणि मूळ धातूचा शोध

जळगाव व धुळे ह्या जिल्ह्यांतील अहिराणीत प्रमाण मराठीच्या 'आहे'चे कार्य 'शे' हे रूप करते; 'तो घरमा शे.' संस्कृतज्ञास ते ऐकताच 'शेते' (निजतो) आठवावे हे स्वाभाविक होय. परंतु ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. मूळ भारत-युरोपीय रूपाची पुनर्रचना उभी राहते ती ध्वनींच्या नियमित संवादावर.

हा संवाद 'पुसणे' ह्या क्रियापदात स्वच्छ दिसतो. गुजरातीत 'पूछवुं', मराठीत 'पुसणे'. गुजरातीत 'माछली', मराठीत 'मासा'. म्हणजे प्राकृत 'च्छ'च्या जागी गुजरातीत 'छ' टिकतो, मराठीत 'स' येतो, आणि इ-एपूर्वी त्याचा 'श' होतो. 'पुसणे'च्या मागे संस्कृत 'पृच्छति', त्याच्या जोडीला फारसी 'पुर्सीदन' व लॅटिन 'पोस्को' (मागणे). ह्या सर्वांवरून *पृक्-स्के- असे मूळ रूप कल्पिले जाते. ते कोठेही लिहिलेले सापडत नाही, म्हणूनच त्यावर तारका द्यावयाची. (संशोधनवाचक जर्मन 'फोर्शेन' हाही ह्याच कुळातील.)

आता 'शे'. गुजराती 'छे', मैथिली 'अछि', बंगाली 'आछे' ही त्याची भावंडे. त्यांचा पूर्वज म्हणजे पाली 'अच्छति' (बसतो, राहतो). मैथिली-बंगालीतील आद्य स्वर पाहता 'शेते'चा प्रश्न मिटतो.

मात्र 'अच्छति' कोठून आला ह्यावर विद्वानांचे एकमत नाही. पिशेल ह्यांनी 'ऋच्छति' सुचविला. दुसरा पक्ष 'अस्' धातूला तोच स्के-प्रत्यय लागून *एस्-स्के- झाल्याचे मानतो व लॅटिन 'एस्कित', होमरचा 'एस्के' ह्यांकडे बोट दाखवितो. राल्फ टर्नर ह्यांनी 1936 मध्ये वैदिक 'आ-क्षेति' (वास करतो) पुढे केला. त्यातील 'क्षि' धातू ग्रीक 'क्तिसिस' (वसाहत) ह्या शब्दाशी जुळतो, आणि *त्केइ- हे त्याचे मूळ.

टर्नर ह्यांचा पक्ष अधिक बळकट वाटतो. 'क्ष'चा 'छ' व पुढे 'श' होणे 'क्षेत्र' – 'छेत्त' – 'शेत' ह्या परंपरेत सिद्धच आहे, आणि 'वसणे'पासून 'असणे'पर्यंतचा अर्थप्रवास सहज आहे. अडचण प्रत्ययाची: 'क्षेति'तील एकाराचा 'अच्छति'त अकार झाला, त्याला सादृश्याचा आधार घ्यावा लागतो. *एस्-स्के- पक्षास ही अडचण नाही. पण संस्कृतात तसे रूप आढळत नाही, ही त्याची उणीव.

ह्या वादाचे एक टोक खानदेशात पोहोचते. ग्रियर्सन ह्यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या 1907 मधील खंडाने खानदेशी भिल्ली भाषांबरोबर घातली, मराठीच्या बोलींत नव्हे. 'शे'तील 'श' मराठीसारखा, तर धातू गुजरातीशी मिळता. पण गुजरातच्या काही बोलींतही 'छे'चा 'से' होतो. तेव्हा ह्या एका रूपावरून बोलीचे कूळ ठरविता येत नाही.