दोन वर्षांची तयारी, आठ दिवसांचा फैसला

खेळामागचा हिशेब : लेखांक ६

मागच्या लेखात आपण एनबीएची सॅलरी कॅप कशी ठरते ते पाहिलं. लीगच्या उत्पन्नातून एक आकडा निघतो आणि खेळाडूंच्या पगाराचा एकूण खर्च त्याच्या आत ठेवावा, अशी प्रत्येक संघाकडून अपेक्षा असते. १९८४-८५ च्या हंगामात ही मर्यादा लागू झाली, तेव्हा तो आकडा ३६ लाख डॉलर होता. २०१०-११ साठी तो ५ कोटी ८० लाखांच्या थोडा वर गेला. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मोठे खेळाडू अमुक वर्षी करारातून मोकळे होणार, हे आधीच ठाऊक असेल तर संघ तयारी कशी करतात? आणि त्या तयारीची किंमत कोण मोजतं?

त्यासाठी २०१० चा उन्हाळा बारकाईनं पाहण्यासारखा आहे.

आधी एक फरक पक्का करून घेऊ. आयपीएलच्या लिलावात सर्वात मोठी बोली लावणाऱ्या संघाकडे खेळाडू जातो. त्याला विचारलं जात नाही. एनबीएत करार संपलेला खेळाडू, म्हणजे फ्री एजंट, स्वतः संघ निवडतो. शिवाय एका खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार देता येईल, यालाही नियमाची मर्यादा आहे. त्यामुळे सर्वोच्च दर्जाच्या खेळाडूसमोर सगळे इच्छुक संघ जवळपास सारखीच रक्कम ठेवतात. मग निवड होते ती इतर गोष्टींवर. सोबतीला कोण खेळणार, प्रशिक्षक कोण, संघ चालवणाऱ्यांचा शब्द किती भरवशाचा, हे सगळं तोललं जातं.

निवडीचा हा हक्क खेळाडूंना झगडून मिळाला आहे. खेळाडू संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावानं १९७० मध्ये लीगविरुद्ध खटला दाखल झाला. करार संपल्यावरही खेळाडूला संघाशी बांधून ठेवणारी जुनी पद्धत १९७६ च्या तडजोडीनं मोडली. तरीही जुन्या संघाला खेळाडू अडवण्याची वाट उरलीच होती. पूर्ण अर्थानं मोकळे खेळाडू १९८८ पासून दिसू लागले. टॉम चेंबर्स सिअ‍ॅटल सोडून फिनिक्सला गेला आणि या हक्काचा पहिला मोठा लाभार्थी ठरला.

तारीख आधीच ठरली होती

२००३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू घेतात त्या वार्षिक निवडीत, लेब्रॉन जेम्स पहिला, ख्रिस बॉश चौथा आणि ड्वेन वेड पाचवा निवडला गेला. क्लीव्हलँड, टोरांटो आणि मायामी हे त्यांचे संघ. तीन वर्षांनी, २००६ च्या उन्हाळ्यात, करार वाढवण्याची वेळ आली. तिघांनीही शक्य तितका लांब करार घेतला नाही. तीन वर्षांची वाढ आणि चौथ्या वर्षाचा निर्णय आपल्या हाती, अशी रचना त्यांनी पसंत केली. त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा आलेला कार्मेलो अँथनी मात्र डेन्व्हरशी अधिक काळासाठी बांधला गेला.

त्या सह्यांचा अर्थ एकच होता. २०१० च्या १ जुलैला लीगमधले तीन सर्वोत्तम तरुण खेळाडू एकाच वेळी मोकळे होऊ शकत होते. चार वर्षं आधी कळलेली ही तारीख पुढे अनेक संघांच्या प्रत्येक व्यवहारामागे उभी राहिली.

जागा रिकामी कशी करतात

एनबीएची मर्यादा लवचीक आहे. स्वतःच्या जुन्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करण्यासाठी संघाला ती ओलांडता येते. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावानं ही सवलत ओळखली जाते. बाहेरच्या बड्या खेळाडूला घ्यायचं, तर मात्र मर्यादेच्या आत खरी रिकामी जागा लागते. ही जागा एका रात्रीत तयार होत नाही, कारण एनबीएतले बहुतेक करार पूर्ण हमीचे असतात. खेळाडूला घरी पाठवलं तरी पगार द्यावाच लागतो आणि तो हिशेबातही धरला जातो.

म्हणून चांगल्या संघचालकाच्या नजरेसमोर नेहमी पुढच्या चार-पाच हंगामांचा पगाराचा तक्ता असतो. कोणाचा करार कधी संपतो, हा त्यातला सर्वात महत्त्वाचा रकाना. लांब करार असलेला चांगला खेळाडू देऊन लवकर संपणारा करार घेणं, हा जागा करण्याचा रुळलेला मार्ग आहे. असा संपत आलेला करार मग खेळाडूच्या कौशल्यापेक्षाही मौल्यवान ठरतो.

यात एक खाचही आहे. करार संपला म्हणून खेळाडूचा आकडा तक्त्यावरून लगेच पुसला जात नाही. संघ त्याच्यावरचा हक्क सोडत नाही, तोपर्यंत त्याच्या नावावर ठरावीक रक्कम राखीव धरली जाते. तिला कॅप होल्ड म्हणतात. संघातल्या रिकाम्या जागांसाठीही किमान पगाराची रक्कम धरावी लागते. कोणाचा हक्क कधी सोडायचा आणि सह्या कोणत्या क्रमानं करायच्या, यावर लाखो डॉलरचा फरक पडतो.

आणि हे सगळं अंदाजावर चालतं, कारण नव्या हंगामाची मर्यादा तेव्हा जुलैतच जाहीर होत असे. आर्थिक मंदीमुळे २००९ मध्ये लीगनं संघांना कळवलं होतं, की पुढच्या वर्षी मर्यादा ५ कोटी ४ लाख ते ५ कोटी ३६ लाख डॉलरपर्यंत घसरू शकते. प्रत्यक्षात ती ५ कोटी ८० लाख निघाली. दोन वर्षं राबून आखलेला तक्ता शेवटच्या आठवड्यात असा बदलतो.

न्यू यॉर्क : सगळं एका उन्हाळ्यासाठी

सर्वात उघड तयारी न्यू यॉर्क निक्सची होती. एप्रिल २००८ मध्ये डॉनी वॉल्श संघाचे अध्यक्ष झाले, तेव्हा तक्ता लांब आणि महाग करारांनी भरलेला होता. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला त्यांनी एका दिवसात दोन व्यवहार केले. जमाल क्रॉफर्ड गोल्डन स्टेटला गेला आणि झॅक रँडॉल्फ लॉस एंजलिस क्लिपर्सला. दोघेही संघासाठी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांपैकी होते आणि दोघांचेही करार २०११ पर्यंत होते. बदल्यात आलेल्या अल हॅरिंग्टन, कटिनो मोब्ली आणि टिम थॉमस यांचे करार २०१० मध्ये संपणार होते. व्यवहाराचं कारण एवढंच. हृदयविकारामुळे मोब्ली निवृत्त झाला. निक्ससाठी तो एकही सामना खेळला नाही.

फेब्रुवारी २०१० मध्ये वॉल्श आणखी पुढे गेले. जेरेड जेफ्रीजचा उरलेला एक वर्षाचा करार डोक्यावरून उतरावा, म्हणून त्यांनी त्याच्यासोबत जॉर्डन हिल हा नवा तरुण खेळाडू, २०१२ ची पहिल्या फेरीतली निवड आणि २०११ ची निवड अदलाबदल करण्याचा हक्क ह्यूस्टनला दिला. हाती आला ट्रेसी मॅकग्रेडीचा सुमारे २ कोटी ३० लाखांचा, त्याच उन्हाळ्यात संपणारा करार.

जागा झाली, पण दरम्यान मैदानावर काय झालं? २००८-०९ मध्ये निक्सनं ३२ सामने जिंकले, पुढच्या हंगामात २९. एवढं हरणाऱ्या संघाची ड्राफ्टमधली पाळी लवकर येते, पण चांगला नवा खेळाडू मिळण्याचं तेही समाधान नव्हतं, कारण २०१० ची त्यांची पहिली निवड एका जुन्या व्यवहारातून युटाकडे गेली होती. मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं महागडं तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकानं दोन हिवाळे अशा संघाला पाहिलं, ज्यातले बहुतेक जण निघून जाण्यासाठीच आणले होते. त्याच काळात रँडॉल्फ मेम्फिसला पोहोचला आणि २०१० मध्ये ऑल-स्टार झाला.

मायामी : जागा आणि माणूस

मायामी हीटचे प्रमुख पॅट रायली हेही तीच तारीख धरून चालले होते. २००९ च्या फेब्रुवारीत त्यांनी शॉन मॅरियन आणि मार्कस बँक्स टोरांटोला देऊन जर्मेन ओनील घेतला. त्याचा भलामोठा करार २०१० मध्ये संपत होता आणि बँक्सचा लांबलेला करारही त्याच व्यवहारात गेला. २०१० च्या ड्राफ्टच्या वेळी डेकान कुक आणि १८ वी निवड ओक्लाहोमा सिटीला देऊन आणखी जागा काढली. जुलै उजाडला तेव्हा तक्त्यावर मोजकीच नावं उरली होती.

फरक एवढाच, की मायामीनं वेडला जपलं होतं. या काळातही संघ स्पर्धेत राहिला. २००९-१० मध्ये त्यांनी ४७ सामने जिंकले. २००६ चं विजेतेपद त्यांच्या नावावर होतं. रायली स्वतः ऐंशीच्या दशकात लेकर्सना चार विजेतेपदं मिळवून देणारे प्रशिक्षक. १ ते ३ जुलैदरम्यान क्लीव्हलँडमधल्या एका कार्यालयात सहा संघ लेब्रॉनला भेटून गेले. रायली तिथे आपल्या विजेतेपदाच्या अंगठ्या पिशवीत घालून घेऊन गेले होते. नेट्स संघ आदल्या हंगामात ८२ पैकी १२ सामने जिंकून आला होता. त्यांच्याकडे जागा होती, नवे श्रीमंत मालक मिखाईल प्रोखोरोव्ह होते, पण दाखवायला विजय नव्हते.

७ जुलैला वेड आणि बॉश यांनी मायामीचं नाव घेतलं. ८ जुलैला ग्रीनिच इथून दूरचित्रवाणीवरच्या खास कार्यक्रमात लेब्रॉननंही तेच नाव उच्चारलं. तिघांनीही कमाल पगारापेक्षा कमी घेतलं. लेब्रॉन आणि बॉश यांचा पहिल्या वर्षाचा पगार प्रत्येकी १ कोटी ४५ लाख डॉलर होता. जागा पुरावी म्हणून मायकल बीझ्ली या २००८ च्या दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीला दुसऱ्या फेरीतल्या निवडींच्या बदल्यात मिनेसोटाला देऊन टाकलं. वेडचा जुना सोबती उडोनिस हॅस्लम कमी पैशांत थांबला.

हिशेब जुळवताना

मायामी सलग चार वर्षं अंतिम फेरीत गेली आणि २०१२ व २०१३ मध्ये जिंकली. क्लीव्हलँडनं उलट रस्ता धरला होता. लेब्रॉनला थांबावंसं वाटावं म्हणून त्यांनी शकील ओनील आणि अँटवन जेमिसन असे मोठे खेळाडू आणले, ६१ सामने जिंकले आणि दुसऱ्या फेरीत बोस्टनकडून हरले. लेब्रॉन गेल्यानंतरच्या हंगामात त्यांच्या वाट्याला फक्त १९ विजय आले.

निक्सना अमारे स्टुडमायर मिळाला, पाच वर्षांच्या सुमारे १० कोटी डॉलरच्या करारावर. त्याच्या गुडघ्यांचा इतिहास सर्वांना माहीत होता. पहिलं वर्ष चांगलं गेलं, पुढची दुखापतींनी खाल्ली. नेट्सनी ट्रॅव्हिस आउटलॉ आणि इतर मधल्या फळीतल्या खेळाडूंवर जागा खर्च केली आणि २४ सामने जिंकले.

माझ्या मते सर्वात शिकण्यासारखं उदाहरण शिकागोचं आहे. बुल्सनी जॉन सॅमन्स, टायरस थॉमस आणि कर्क हाइनरिक यांना देऊन जागा केली, पण डेरिक रोझ, जोकिम नोआ आणि लुओल डेंग या स्वतः घडवलेल्या खेळाडूंना हात लावला नाही. लेब्रॉन आला नाही. पण त्यांनी कार्लोस बूझर आणि काइल कोर्व्हर घेतले, संघ प्रशिक्षक टॉम थिबोडो यांच्याकडे आधीच सोपवला होता, आणि पुढच्याच हंगामात त्यांनी ६२ सामने जिंकले. रोझ लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नकार मिळाल्यावरही जो संघ उभा राहतो, त्याची तयारी खरी.

मोकळी जागा तुम्हाला खेळाडूसमोर बसण्याची संधी देते, होकार देत नाही. चार-पाच संघ एकाच खेळाडूसाठी जागा करतात, तेव्हा एक सोडून बाकीच्यांचा बेत फसणार हे आकडेमोडीतच लिहिलेलं असतं. म्हणून दोन हंगाम वाया घालवून केलेल्या तयारीला मी दूरदृष्टी म्हणणार नाही. हरण्याची किंमत मोजतो तो प्रेक्षक, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. रायली आणि बुल्स यांनी जागा करताना संघ जिवंत ठेवला, हाच धडा प्रत्येक संघचालकानं घ्यावा.

पुढच्या वेळी तुमच्या आवडत्या संघानं एखादा चांगला खेळाडू किरकोळ बदल्यात दिला, तर त्या संघाचा पगाराचा तक्ता शोधा आणि कोणाचा करार कधी संपतो ते पाहा. मग आणखी एक प्रश्न विचारा : ज्याच्यासाठी ही जागा होते आहे, त्यानं नाही म्हटलं तर मागे काय उरेल?

पुढील लेखात : २०११ चं १६१ दिवसांचं लॉकआउट आणि त्यातून बदललेले नियम.