पुरुषाच्या छातीची शस्त्रक्रिया आणि पथ्याविषयीचे प्रवाद

नीरेच्या डाव्या कालव्यावर ज्या मुलखाचा ऊस पोसला, त्या बारामती-इंदापूर पट्ट्यात अंगमेहनत आणि तालीम यांवरून पुरुषाची किंमत करण्याची चाल जुनी आहे. सबब ज्या तरुणाची छाती स्त्रीसारखा उभार धरते, तो मळ्यात घामाने निथळत असतानाही सदरा उतरवीत नाही, विहिरीवर पोहायला जात नाही, आणि पुढे पुण्यास जाऊन शस्त्रक्रिया करून आला तरी घरी ‘एक गाठ काढली’ एवढे सांगून मोकळा होतो. शस्त्रक्रियेनंतरचे बरेचसे हाल याच लपवाछपवीतून उद्भवतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

या लाजेच्या मुळाशी असलेला समज असा, की ही पौरुषातली उणीव होय. वस्तुस्थिती अशी, की वयात येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या किंवा त्याहूनही अधिकांच्या छातीत स्तनग्रंथी काही काळ वाढते आणि बहुतेकांत वर्षा-दोन वर्षांत आपोआप ओसरते. ज्यांची राहते त्यांच्यात संप्रेरकांचा बिघडलेला तोल, काही औषधे, यकृताचे विकार, व्यायामशाळेत टोचून घेतलेली स्टेरॉइडे अशी नाना कारणे संभवतात, आणि कित्येकदा कारण सापडतही नाही. वैद्यक या व्याधीस ‘गायनेकोमास्टिया’ म्हणते, आणि तिच्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन सातव्या शतकातील पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याने करून ठेवले आहे. तेव्हा हे आजच्या पिढीचे नखरे आहेत, हा वडीलधाऱ्यांचा आक्षेपही टिकत नाही.

‘किरकोळ काम, संध्याकाळी घरी’ हा दुसरा प्रवाद अर्धाच खरा आहे. छेद लहान असतो, बहुधा स्तनाग्राभोवतालच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या कडेने घेतलेला. परंतु त्यातून ग्रंथी काढल्यावर आणि भोवतालची चरबी नळीने ओढून घेतल्यावर त्वचेखाली जी पोकळी राहते, तीत रक्त साचण्याचे भय पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असते. एकच बाजू अकस्मात फुगली, ताठरली, निळसर पडली आणि ठणकू लागली, तर सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांस कळवावे. इंदापूर पुण्याहून सव्वाशे किलोमीटरांहून लांब आहे. म्हणून पहिल्या एक-दोन रात्री पुण्यातच एखाद्या आप्ताकडे काढणे शहाणपणाचे, आणि घरी आल्यावर अशी वेळ आलीच, तर बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, हे ध्यानी असावे. काहींच्या काखेखालून बारीक नळी काढून तिला चेपलेला रबरी फुगा जोडतात. त्यात उतरणारा स्राव लालभडक असेल तो हळूहळू गुलाबी, मग पिवळसर होतो. तो रोज मोजून लिहून ठेवावा, कारण दिवसाकाठी तो साधारण ३० मिलिलिटरच्या आत आला, की नळी काढतात.

सर्वांत घातक समज मात्र ‘दुखायचे थांबले, म्हणजे बरे झाले’ हा होय. वेदना चार-आठ दिवसांत ओसरते. आतल्या ऊतींचा सांधा जुळण्यास त्याहून कितीतरी अधिक मुदत लागते. पहिल्याच दिवसापासून चालावे-फिरावे, बैठे काम आठवड्याभराने करावे; पण जड उचलण्याची मुभा चार ते सहा आठवड्यांपर्यंत नसते. ४५ किलोची युरियाची गोणी टेम्पोतून उतरवायची आहे, किंवा पाठीवरच्या फवारणी पंपाचा दांडा दिवसभर हलवायचा आहे, अशा वेळी ‘मला चालणार नाही’ असे म्हणावे, तर ‘का रे बाबा?’ या प्रश्नास उत्तर द्यावे लागते. आणि ते द्यायचे नाही म्हणून गडी मुकाट्याने गोणी उचलतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचे तसेच. १६०० मीटरची धाव काही आठवड्यांनी हळूहळू पूर्ववत होईल, परंतु गोळाफेकीत छातीचा स्नायू ज्या झटक्याने ताणला जातो, तो झटका डॉक्टरांच्या अनुमतीवाचून देऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर घालायचे छातीचे घट्ट जॅकेट जितके आवळावे तितके गुणकारी, हेही खोटे. सूज आवरणे आणि पोकळी मिटवणे एवढेच त्याचे काम. श्वास कोंडेल किंवा वळी पडून कातडीवर वण उठतील इतके ते आवळू नये. वैशाखात ते अंगावर ठेवणे ही शिक्षाच आहे, म्हणून दोन जॅकेटे घेऊन एक धुवावे, एक घालावे.

भात, वरण आणि आंबट खाल्ल्याने जखमेत पू धरतो, ही समजूत आमच्या घरोघरी वेदवाक्यासारखी पाळली जाते. पू जंतूंमुळे होतो. डाळ, अंडी, दूध यांतील प्रथिनांवरच जखम भरते; ती तोडणे म्हणजे गवंड्याला विटा न देता भिंत मागणे. खरे पथ्य तंबाखू आणि विडी-सिगारेटचे! निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचतात, स्तनाग्राचा रक्तपुरवठा तुटपुंजा होतो आणि क्वचित तेथील त्वचा मरते. आमच्याकडच्या निमगाव केतकीच्या विड्याच्या पानाचा यात काही अपराध नाही. पानात जी चिमूट पडते, तिचा आहे.

आठव्या दिवशी आरशात पाहून ‘फसलो’ असा निवाडा करणारेही पुष्कळ. सूज व आतल्या गुठळ्या ओसरण्यास तीन ते सहा महिने लागतात, बधिरता सावकाश जाते, आणि व्रण फिका पडण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. काढलेली ग्रंथी सहसा परतत नाही. परंतु स्तनाग्र आत खचू नये म्हणून तिचा थोडा भाग मुद्दाम राखलेला असतो, आणि स्टेरॉइडे पुन्हा सुरू केल्यास तो वाढू शकतो.

काढलेला भाग बहुधा सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यास पाठवतात. स्तनाच्या एकूण कर्करोगांत पुरुषांचे प्रमाण सुमारे एक टक्का, म्हणजे अत्यल्प. तरीही टाके निघाले की काम संपले, असे समजून तो अहवाल प्रयोगशाळेतच पडू देऊ नये. पुढच्या खेपेस तो मागून घ्यावा, डॉक्टरांकडून समजून घ्यावा आणि घरच्या कागदपत्रांत उघडपणे ठेवावा.