स्थिर अक्षाभोवतीचे परिभ्रमण : वेग व प्रवेग

दृढ वस्तू एखाद्या स्थिर अक्षाभोवती फिरत असता तिचा प्रत्येक कण अक्षाला लंब असलेल्या प्रतलात वर्तुळ आक्रमितो. त्या वर्तुळाचा मध्य अक्षावर असतो आणि त्रिज्या म्हणजे कणाचे अक्षापासूनचे लंबांतर होय. सर्व कण समान काळात समान कोनातून फिरतात; म्हणून कोनीय वेग हा एखाद्या कणाचा नसून संपूर्ण वस्तूचा गुणधर्म ठरतो. कोनीय वेग क व लंबांतर ल असल्यास कणाची चाल या दोहोंच्या गुणाकाराइतकी असते.

दिशेचाही निर्देश करावयाचा झाल्यास क हा अक्षाच्या दिशेचा सदिश मानून व = क × स असे लिहितात. येथे स हा अक्षावरील कोणत्याही आदिबिंदूपासून कणापर्यंतचा स्थितिसदिश आहे. आदिबिंदू अक्षावर सरकविला तर स बदलतो, परंतु त्याचा बदललेला भाग अक्षाला समांतर असल्याने सदिश गुणाकारात लोप पावतो. वेग आदिबिंदूच्या निवडीवर अवलंबून नाही, हे यावरून स्पष्ट होते.

वेगाचे कालसापेक्ष विकलन केल्यास प्रवेगाचे दोन घटक मिळतात : प = ख × स + क × (क × स). यात ख हा कोनीय प्रवेग होय. पहिला घटक स्पर्शरेषीय असून त्याचे परिमाण ख व ल यांच्या गुणाकाराइतके असते. दुसऱ्याचे परिमाण क च्या वर्गाला ल ने गुणून मिळते आणि त्याची दिशा कणापासून अक्षाकडे, अक्षाला लंब अशी असते. चाल अचल असली तरी हा दुसरा घटक शून्य होत नाही. तसेच एकूण प्रवेगाने वर्तुळाच्या त्रिज्येशी केलेला कोन ख व क चा वर्ग यांच्या गुणोत्तरावरच अवलंबून असल्याने कोणत्याही एका क्षणी तो सर्व कणांसाठी सारखाच असतो.

दुसऱ्या घटकाचा रोख आदिबिंदूकडे नसून अक्षाकडे असतो, हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो. पृथ्वीच्या बाबतीत मात्र तो निर्णायक ठरतो. पृथ्वीचे एक परिभ्रमण ८६,१६४ सेकंदांत पुरे होते. म्हणजे तिचा कोनीय वेग दर सेकंदाला सुमारे ०.००००७२९ रेडियन आहे. विषुववृत्ताची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर असल्याने तेथील चाल सेकंदाला ४६५ मीटर आणि प्रवेग दर सेकंदास, दर सेकंदाला ०.०३३९ मीटर येतो. इतर अक्षांशांवर पृथ्वीच्या त्रिज्येस अक्षांशाच्या कोज्येने गुणून लंबांतर काढावे लागते. शिवाय प्रवेगाचा पृथ्वीच्या मध्याकडील घटक काढताना तीच कोज्या पुन्हा गुणावी लागते. गुरुत्वाकर्षणाचा तेवढा अंश हा प्रवेग निर्माण करण्यातच खर्च होतो व भासमान गुरुत्व तितके कमी होते.

१६७२ साली फ्रेंच ज्योतिर्विद ज्यां रिशे यास दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे असे आढळले की, पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडते. कायेन ५ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे, तर पॅरिस ४९ अंशांच्या जवळ. प्रवेगाचा रोख सर्वत्र पृथ्वीच्या मध्याकडे मानून सर्व ठिकाणी पूर्ण त्रिज्याच घेतली, तर दोन्ही नगरांत घट सारखीच येईल आणि घड्याळ मागे पडण्याचे कारणच उरणार नाही. योग्य रीतीने गणित केल्यास ही घट कायेन येथे ०.०३३७ व पॅरिस येथे ०.०१४७ येते, म्हणजे फरक ०.०१९०, अर्थात गुरुत्वाचा सुमारे ०.००१९ इतका अंश. लंबकाचा आवर्तकाल गुरुत्वाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने याचा निम्मा अंश घड्याळात उतरतो. २४ तासांत तो सुमारे ८४ सेकंद होतो.

निरीक्षण मात्र १५० सेकंदांच्या आसपास होते. ही तफावत सूत्रातील दोषामुळे नव्हे, तर पृथ्वी पूर्ण गोल आहे या गृहीतामुळे उद्भवते. परिभ्रमणामुळे पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली व ध्रुवांपाशी चपटी असली पाहिजे, असे न्यूटनने १६८७ साली प्रतिपादन केले आणि त्यासाठी या लंबकाच्या निरीक्षणांचाही आधार घेतला. चपटेपणा लक्षात घेणाऱ्या आजच्या गुरुत्वसूत्राने हाच फरक सुमारे १२८ सेकंद येतो. तात्पर्य, परिभ्रमणाचा प्रश्न सोडविताना अंतर अक्षापासून मोजावे आणि प्रवेगाची दिशाही अक्षाकडेच धरावी. एवढे पथ्य पाळले, तर उरलेली तफावतही काही नवे सांगून जाते.