घराण्याचा शोध व पुण्याचें पेशवे दप्तर

आपल्या घराण्यांतील कोणी पुरुष पानिपतावर पडला, अशी समजूत देशावर व कोंकणांत अनेक घरांतून चालत आलेली आहे. पुरावा म्हणावा तर एखादी जीर्ण सनद, मागील शतकांत कोणी उतरून ठेवलेली वंशावळ, आणि देव्हाऱ्यांतील एक टांक. ह्या समजुतीचें खरेंखोटें करण्यासाठीं मनुष्य पुण्याच्या सरकारी दप्तरखान्यांत येतो, व आमच्या आडनांवाचा रुमाल कोणता, असा पहिलाच प्रश्न करितो. असा रुमाल तेथें नसतो. तो कां नसतो हें समजलें म्हणजे शोधाचें अर्धें काम झालें.

पेशवे दप्तर हें एका हेतूनें किंवा एका हातानें जमलेलें नव्हे. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनच्या कारभारांत हे कागद कंपनी सरकारच्या ताब्यांत आले. पुढें १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हां त्यांत आणखी दप्तरांची भर पडली. सारा कोणाकडून घ्यावा व कोणास सोडावा हें ठरविण्यापुरतीच त्या राज्यकर्त्यांस कागदांची गरज होती. कुलवृत्तान्ताची त्यांस पर्वा नव्हती. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० पासून पुढें निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. तीस हजारांहून अधिक रुमालांचा तो लहानसा अंश होय. खंडांच्या सूचींत नांव सांपडलें नाहीं म्हणून दप्तरांत नाहीं, असा निष्कर्ष काढणारे लेख आम्हीं वाचले आहेत. त्यांची किंमत सांगण्याची गरज नाहीं.

शोधास आरंभ गांवापासून करावा. मौजे, तर्फ, परगणा व प्रांत हे चार शब्द निश्चित झाल्यावांचून रुमाल मागूं नये. प्रांत अजमासाचे कागद मुलुखवार लावलेले आहेत. रोजकीर्द दिवसवार चालते. आणि कीर्दींतील कलमें नांवनिशीवार व बाबवार फोडून मांडलेली असतात ती घडणी. ज्यास तारीख ठाऊक आहे त्यानें कीर्द पाहावी, ज्यास केवळ नांव ठाऊक आहे त्यानें घडणी. नांवही आजच्या रीतीनें शोधूं नये. आडनांव पुष्कळदां गाळलेलें असतें, आणि 'अमुक बिन अमुक' एवढ्यावरच गडी ओळखावा लागतो. बापाचें नांव ठाऊक नसेल, तर एका गांवचे दोन खंडोजी वेगळे करण्यास काहीं साधन उरत नाहीं.

कालगणना जुन्या वाचकांस नवी नाहीं, तरी चुका तेथेंच होतात. शुहूर सन अरबी शब्दांनीं लिहितात व एकंस्थान आधीं येतें: 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, मिळून ११६१. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ चा, तो ह्याच ११६१ त पडतो. 'छ' च्या पुढील आंकडा मुसलमानी महिन्यांतील चंद्राचा आहे. ती आपली तिथि नव्हे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. रणांत पडलेल्या माणसाचें नांव युद्धवर्णनांत सांपडेल ही आशा व्यर्थ होय. वर्णनांत सरदार येतात. शिपाई येतो तो हिशेबांत. पागा व पथकांच्या कागदांत त्याची हजिरी आढळते. आणि तो कामास आला असेल, तर त्याच्या मुलांस दिलेल्या बालपरवेशीच्या कलमांत त्याचें, मुलाचें व कधीं गांवाचेंही नांव राहून जातें. म्हणून 'इहिदे सितैन' पासून 'खमस सितैन' पर्यंतचीं पांच सालें आपल्या परगण्यापुरतीं धीरानें चाळावीं. त्यांत पूर्वज सरंजामदार न निघतां सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर निघण्याचा संभव मोठा, आणि मग ती नोंद न छापतां घरची बखरच छापण्याचा मोह कुलवृत्तकारास होतो. ज्या कागदावर पोराच्या पोटाची सोय लिहिली आहे, तो लपविण्यासारखा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

इनाम कमिशनापुढील कैफियती हें दुसरें साधन. तीन चार पिढ्यांची वंशावळ तेथें आयती मिळते. पण ती देणारा इनाम वांचविण्यासाठीं देत होता. ज्यांचा हक्क नाहीं अशा शाखा गाळणें व दत्तकास औरस म्हणणें, ह्यांत त्याचा उघड लाभ होता. कैफियतींत शाखा नाहीं एवढ्यावरून ती निर्वंश ठरवूं नये. बनावट सनदाही त्या काळीं पुढें आल्या. सनद संशयित असेल, तर तिच्यावरील चंद्र, महिना व सन घेऊन त्या दिवसाची कीर्द पाहावी, आणि शिक्का व मोर्तब त्या सालच्या दुसऱ्या निःसंशय कागदाशीं ताडावें. कीर्दच गहाळ असल्यास निकाल लांबणीवर टाकावा. सनदेस खोटी ठरवूं नये.

संग्राहक बंधूंस एक विनंती आहे. जुन्या बाजारांतून पुडकें मिळालें असतां चांगल्या शिक्क्याचा कागद काढून बाकीचे टाकूं नयेत, व बांधणीचा क्रम मोडूं नये. पाठीवरचा शेरा व शेजारचा क्षुल्लक हिशेब यांवरूनच तें कोणत्या दप्तरांतून सुटलें हें कळतें. दप्तरखान्यांतून नक्कल आणतांना दप्तराचें नांव, रुमालाचा क्रमांक व कागदाची पहिली ओळ टिपून घ्यावी, आणि बालबोध नकलेबरोबर मोडी वाचन शंकित असलेला प्रत्येक शब्द जसा दिसतो तसा गिरवून ठेवावा.