झिजलेला अंगठा

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी चहा घेत बसलो होतो, तोच दाराची कडी वाजली. पाहतो तो दारात अक्का उभ्या. शहराच्या पूर्व भागातल्या शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हापासूनची त्यांची-माझी ओळख. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक आणि घामानं मऊ पडलेलं आधारकार्ड.

"साहेब, मशीन मला ओळखंना झालंय," त्या म्हणाल्या.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. अक्कांनी जन्मभर विड्या वळल्या. त्याबद्दल मिळणारं निवृत्तिवेतन तीन महिने खात्यात जमा झालं नव्हतं. हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता. तो द्यायला त्या एका सेवाकेंद्रावर गेल्या. तिथल्या पोरानं काचेवर अंगठा ठेवायला सांगितलं. दिवा लाल लागला. हात धुऊन झाले, बोट केसांना पुसून झालं, दहाही बोटं लावून झाली. शेवटी तो म्हणाला, "मावशी, तुमचा अंगठाच येत नाही. परवा या." अशा तीन फेऱ्या झाल्या. रिक्षाचे पैसे गेले, वाण्याची उधारी वाढली.

मी त्यांचा अंगठा हातात घेऊन उजेडात धरला. खरोखरच रेषा अशी दिसेना. गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा.

सोलापूर म्हटलं की बाहेरच्याला चादर आठवते. पण या गावातल्या हजारो घरांची चूल विडीवर पेटली, आणि ती पेटवली बायांनी. विणकामासाठी तेलंगणातून आलेल्या कुटुंबांतले पुरुष मागावर बसले, बाया मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यात बसल्या. तेंदूचं पान भिजवायचं, फरमा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. माझा बँकेतला जुना स्वभाव, मी तिथल्या तिथे हिशेब मांडला. दिवसाला ८०० विड्या, वर्षाचे ३०० दिवस, ४० वर्षं. शहाण्णव लाख विड्या! एवढ्या वेळा पानावरून फिरलेल्या अंगठ्यावर रेषा उरतील कशा?

आता गंमत पाहा. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखायची सरकारी रीत सुरू झाली ती आपल्याच देशात. १८५८ साली बंगालात जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळीला हाच हर्शेल पेन्शनदारांच्या बोटांचे ठसे घेऊ लागला. मूळ माणूस वारल्यावर दुसऱ्यानंच पैसे उचलू नयेत, हा हेतू. त्यानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, १९७७ साली, विडी कामगारांना भविष्य निर्वाह निधी लागू झाला. १९९५ साली त्याला निवृत्तिवेतनाची जोड मिळाली आणि सप्टेंबर २०१४ पासून ते किमान १००० रुपये ठरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' हा संगणकावरचा हयातीचा दाखला आला. पहिला आधार क्रमांकही आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. हुगळीपासून टेंभलीपर्यंतच्या या प्रवासात शंका तीच राहिली: समोरचा माणूस तोच आहे ना? आणि तो जिवंत आहे ना?

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला आमच्या शाखेत यंत्र नव्हतं. जाडजूड लेजरं होती, पितळी टोकनं होती, आणि टेबलावर जांभळ्या शाईचं पॅड होतं. विडी कामगार बायांचा अंगठा आम्ही स्वतः धरून उमटवत असू. शेजारी नाव लिहायचं, साक्षीदाराची सही घ्यायची. निम्म्या बाया तर चेहऱ्यानंच ओळखीच्या. 'आमच्या वेळी माणसं माणसाला ओळखत होती' असं आज निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावर ऐकू येतं, तेव्हा मीही मान हलवतो. पण एक आठवण मान हलवू देत नाही.

एका बाईचा नवरा पैसे काढायच्या कागदावर तिचा अंगठा घरूनच उमटवून आणायचा. "बायकोला बरं नाही साहेब," एवढं म्हणायचा. नियमानं बाई समोर हवी. पण तो आमच्या ओळखीचा, रोज रामराम करणारा. मी कागद पास करत गेलो. एक दिवस ती बाई स्वतः आली. पोरीच्या लग्नाला पैसे हवे होते. खात्यात काही उरलं नव्हतं. ती ओरडली नाही, भांडली नाही. पासबुक मिटून कमरेला खोचलं आणि पायऱ्या उतरून गेली. ती पाठ मला अजून दिसते. यंत्र असतं तर त्यानं नवऱ्याची ओळख ठेवली नसती, आणि ते पैसे वाचले असते.

म्हणून यंत्राला सरसकट शिव्या द्यायला माझी जीभ रेटत नाही. आज पैसा थेट बाईच्या खात्यात पडतो. मधला दलाल, मधला नवरा, मधला आमच्यासारखा अधिकारी, सगळ्यांचे हात आखडले. ही काही लहान गोष्ट नाही. आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि २०२० साली त्यांना दहा लाख डॉलर्सचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तिथे गुरुजी आधी होते, कोड मागून आला. पोराला काय अडतं हे त्यांना वर्गात उभं राहून ठाऊक होतं.

उलटं झालं की काय होतं, तेही आपण पाहिलं. २०२१ साली अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल ठिकठिकाणी परत केले. मुलांची वजनं, उंची, आहार यांच्या नोंदी ज्या पोषण ट्रॅकरवर करायच्या तो इंग्रजीत, आणि हातातला फोन जुना, बंद पडणारा. पोराला मांडीवर घ्यायचं की फोन घ्यायचा, असा त्यांचा प्रश्न होता.

अक्कांचंही तसंच झालं होतं. वाटा होत्या. २०२० पासून पोस्टमन घरी येऊन हयातीचा दाखला काढून देऊ शकतो. २०२१ नंतर मोबाइलवर चेहरा दाखवून तो काढायची सोय आली. अंगठा उमटला नाही म्हणून गरजूचा हक्क बुडणार नाही, असा भरवसा तर आधारच्या खटल्यात सरकारनं सर्वोच्च न्यायालयाला दिला होता. सगळं होतं. पण काचेपलीकडून "अक्का, अंगठा राहू द्या, दुसरी वाट आहे" असं म्हणणारं कुणी नव्हतं.

मला तरी कुठे जमत होतं? मी माझा मोबाइल घेऊन खटपट करत बसलो, पाऊण तास गेला. शेवटी अक्काच म्हणाल्या, "आमच्या गल्लीतल्या पोरीला बोलवू का?" कॉलेजात जाणारी ती मुलगी आली. तिनं अक्कांना खिडकीजवळ, उजेडात बसवलं. "अव्वा, इकडं बघा. आता डोळे मिटा. उघडा." फोनवर हिरवी खूण आली. अक्का कागदोपत्री पुन्हा जिवंत झाल्या.

मुलगी सांगत होती, गल्लीतल्या वीस-बावीस म्हाताऱ्यांचे दाखले, फॉर्म, रेशनकार्डाची कामं तीच करते. पैसे घेत नाही. आमच्या तरुणपणी समाजकार्य म्हणजे मोर्चा, वर्गणी, रात्रशाळा. या मुलीला विचारलं तर आपण समाजकार्य करतो हे तिला माहीतही नसेल. मी त्याच दिवशी तिच्याकडून सगळ्या पायऱ्या वहीत उतरवून घेतल्या. आता दर रविवारी सकाळी दोन तास तिच्या घराच्या ओट्यावर बसतो. पासबुकं वाचून दाखवतो, कोणाचा दाखला कधी संपतो त्याची यादी ठेवतो. लेजर लिहायची सवय अशी कामाला आली.

परवा एक म्हातारी आली. सवयीनं तिनं अंगठा पुढे केला. मी म्हटलं, "राहू द्या. आधी बसा, नाव सांगा."