आंबोली घाट उतरला की कायदा बदलतो

जुगार आणि पैज हा संविधानाच्या राज्यसूचीतला ३४वा विषय. त्यामुळे कोल्हापुरात मटका चालवणाऱ्यावर १८८७ च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई होते; तोच माणूस आंबोली घाट उतरून पणजीला गेला, की मांडवीतल्या कॅसिनोत राजरोस डाव लावू शकतो. गोव्याने १९७६ च्या आपल्या कायद्यात १९९२ पासून दुरुस्त्या करून ही वाट उघडली. पण फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना मात्र तिथे खेळायला बंदी! म्हणजे महसूल गोव्याचा आणि मोडणारा संसार शेजारच्या राज्यातला. बंधनं सैल करा म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

महाराष्ट्रातही कॅसिनोंना परवाने देणारा १९७६ चा कायदा होता, पण तो कधी अमलात आलाच नाही. २०२३ मध्ये तो रद्द झाला, हे योग्यच.

बंगळुरूहून मुंबई राज्यात येणाऱ्या बक्षिसाच्या शब्दकोड्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच सांगितलं होतं, की जुगाराला व्यापार म्हणून घटनेचं संरक्षण नाही. मोबाइलने राज्यांच्या सीमा निरर्थक केल्यावर २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.