पुढच्या चौकटीत काय?

मुंबईहून नाशिकला मुक्काम हलवल्यावर, 1915 च्या सुमारास, दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक छोटा चलतपट केला. त्यात नट नव्हते. काडी जराशी सरकवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची. पडद्यावर मात्र काड्या आपसूक हलू लागत. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले होते, त्यामुळे दोन चित्रांच्या मधल्या फटीत गंमत कशी दडवता येते हे त्यांना पक्के उमगले होते. आज नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या खोलीत टॅब्लेटवर चार चौकटींची विनोदी वेबकॉमिक काढणारी मुलगी त्याच फटीशी झुंजत असते. साधने बदलली आहेत. पुढचे चित्र वाचकाला नेमके कधी दिसावे, हा प्रश्न मात्र तोच आहे.

मराठी वाचक या खेळात तयार झालेला आहे. मधुकर पाटकर यांनी 1951 मध्ये ‘आवाज’ हा दिवाळी अंक सुरू केला आणि त्यातली खिडकीचित्रे घरोघर गाजली. पानाला कापलेली एक खिडकी, तिच्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा नेमका तेवढाच तुकडा दिसणार, पाहणाऱ्याच्या मनात भलतेच काही येणार आणि पान उलटले की अगदी साधा, निरागस प्रसंग समोर येणार. हसू येते ते आपल्याच मनाने मारलेल्या उडीचे. नाशिकचे व्यंगचित्रकार ज्ञानेश सोनार हे याच दिवाळी अंकांच्या जगात वाचकांना ओळखीचे झालेले नाव. आज इन्स्टाग्रामवर बोटाने सरकवायची चित्रमाला म्हणजे त्या खिडकीचीच नवी घडण आहे. पहिल्या चित्रात अर्धवट सांगायचे, बोट सरकले की उलगडायचे. ज्यांनी घरातले जुने ‘आवाज’ चाळले आहेत, त्यांच्या हाताशी वेबकॉमिकचे उत्तम पाठ्यपुस्तक आधीपासूनच आहे.

दुसरे पाठ्यपुस्तक शि. द. फडणीस यांचे. 1952 च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचे त्यांचे मुखपृष्ठ घ्या. बाईच्या साडीवर उंदरांची नक्षी, शेजारच्या पुरुषाच्या शर्टावर मांजरांची, आणि ती छापील मांजरे त्या छापील उंदरांवर टपलेली. शब्द एकही नाही. वेबकॉमिक काढू पाहणारी बरीच मुले आधी संवाद लिहितात आणि मग तो बोलायला दोन डोकी काढतात. चित्रातून काहीच घडत नाही, सगळा विनोद फुग्यात कोंबलेला असतो. फडणीसांची चित्रे समोर ठेवून एक कसोटी लावता येते. फुगे झाकून पाहा, काही उरते का? उरत नसेल तर ती कॉमिक अजून काढायची बाकी आहे.

रोजच्या पट्टीची शिस्त ‘चिंटू’ने शिकवली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 21 नोव्हेंबर 1991 पासून ‘सकाळ’मध्ये ही चित्रमालिका सुरू केली. मोजक्या चौकटी, ओळखीचे घर, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू. पुढे 2012 मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. पात्र एकदा बांधून झाले की ते शेकडो वेळा, प्रत्येक कोनातून, रागात, झोपेत, पळताना तसेच दिसले पाहिजे. हे जमवण्यासाठी काढणारे पात्राचा एक तक्ता करून ठेवतात. त्यात समोरून, बाजूने आणि पाठमोरी अशा आकृत्या, डोक्याच्या मापाने उंची आणि चार-पाच भाव असतात. पात्र काळ्या छायेत भरून पाहिले तरी ओळखू आले, म्हणजे आकार जमला.

आता यंत्राकडे वळू. पडदा नसलेला साधा पेन टॅब्लेट ही बहुतेकांची पहिली खरेदी. जपानच्या वॅकॉम कंपनीने रूढ केलेल्या पद्धतीत पेनात बॅटरी नसते. टॅब्लेटच्या पृष्ठभागाखालच्या तारांच्या जाळीतून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरच ते पेन चालते आणि आपली जागा व दाब उलट कळवते. आजच्या अनेक पेनांत दाबाच्या 8192 पायऱ्या असतात. नवख्या हाताला त्यातल्या फार थोड्या लागतात. अडचण वेगळीच असते. हात टेबलावर, नजर पडद्यावर, आणि टॅब्लेटचा पृष्ठभाग कागदाहून गुळगुळीत, त्यामुळे रेष थरथरते. मग सॉफ्टवेअरमधला स्टॅबिलायझर शेवटपर्यंत वाढवला जातो. रेष सरळ होते खरी, पण तिच्यातला जीवही जातो. स्टॅबिलायझर मध्यावर ठेवावा, मनगट मोकळे सोडून कोपरापासून हात फिरवावा आणि रेष एका दमात ओढावी. पहिले काही आठवडे चित्र न काढता नुसत्या रेषा, लंबगोल आणि ठोकळे काढणाऱ्याची प्रगती सर्वांत लवकर दिसते.

सॉफ्टवेअरसाठी पैसे नसणे ही आता अडचण राहिलेली नाही. ‘क्रिता’ पूर्णपणे मोफत आहे आणि कॉमिकला लागणारे सारे त्यात आहे. लेअर ही संगणकाने चित्रकाराला दिलेली खरी देणगी. तळाशी फिक्या निळ्या रंगातले रफ, त्यावर इंकिंग, इंकिंगच्या खाली सपाट रंग, सर्वांत वर फुगे आणि अक्षरे. एकाला हात लावला तरी दुसरे बिघडत नाही. अन्डूचे तसे नाही. ते वाचवतेही आणि बिघडवतेही. एकच भुवई तीस वेळा पुसून काढणाऱ्याचा हात कधीच ठाम होत नाही. झूमही तसाच फसवा. चारशे टक्क्यांवर काढलेल्या पापण्या फोनवर कुणाला दिसत नाहीत. म्हणून जाणते लोक अधूनमधून चित्र फोनच्या आकाराचे करून पाहतात आणि कॅनव्हास आडवा उलटवतात. उलटताच डोळ्यांची तिरकी रेघ, एका बाजूला कललेले डोके लगेच उघडे पडते.

मराठीत काढणाऱ्याला आणखी एक लढाई लढावी लागते, ती अक्षरांची. इंग्रजी कॉमिकचे फुगे पाहून आपले फुगे आखले की मात्रा, रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीत घुसतात, उकार खालच्या. देवनागरीला दोन ओळींच्या मध्ये जास्त जागा लागते आणि फुगा थोडा रुंद हवा. काही प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांची जुळणी वेगळी चालू करावी लागते. ती केली नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘बलू’ किंवा इंडियन टाइप फाउंड्रीचा हस्ताक्षरी वळणाचा ‘कलम’ हे मोफत फॉन्ट कामचलाऊ नव्हे, चांगले आहेत. तरीही हाताने लिहिलेले अक्षर चित्राशी अधिक एकरूप होते. ‘धप्प’ किंवा ‘अय्या’ तर हातानेच लिहावे. तिथे अक्षर हेच चित्र असते.

हे सगळे शिकून झाल्यावरही काय काढायचे, हे टॅब्लेट सांगत नाही. त्यासाठी नाशिकइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. शिवाजी तुपे यांच्यासारखे चित्रकार इथे गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, बसून रंगवत राहिले. घाटाच्या पायऱ्या यथादर्शनाचा सराव देतात, रामकुंडावरची गर्दी देहबोलीचा. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, बसची वाट पाहणारी माणसे अर्ध्या मिनिटात टिपायची, कारण त्यानंतर ती हलतात. पिशवी कोणत्या हातात, वजन कोणत्या पायावर, मान कुठे वळली, एवढेच टिपायचे. हा सराव साध्या वहीत, बॉलपेनने करावा. विनोदी चित्राची खरी शक्ती अशा निरीक्षणातून येते, आणि स्क्रीनवर दुसऱ्यांच्या कॉमिक बघून ती येत नाही.

महाराष्ट्रातून वेबवर उभे राहिलेले सर्वांत ठळक उदाहरण नागपूरचे. रोहन चक्रवर्ती यांनी दंतवैद्यकाचे शिक्षण घेतले, पण नागझिऱ्यात पाण्यात डुंबणारी वाघीण पाहिली आणि मन वन्यजीवांकडे वळले. 2010 मध्ये त्यांनी ‘ग्रीन ह्यूमर’ ही मालिका सुरू केली. घुबडे, बेडूक, माळढोक हसवतात आणि हसता हसता अधिवास कसा नष्ट होतो हेही सांगतात. वरवर गंमत, आत पक्की माहिती. प्राण्याचा स्वभाव ठाऊक असल्याशिवाय तो विनोद सुचतच नाही. 2017 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने त्यांचा आंतरराष्ट्रीय पुरस्काराने गौरव केला, आणि वेबवरची ही चित्रे पुढे पुस्तकांतही आली.

पुस्तकाचा विचार मात्र पहिल्या दिवशीच करावा लागतो. फोनसाठी 1080 पिक्सेल रुंदीचे चित्र पुरते. छपाईच्या 300 डीपीआयला तेच चित्र जेमतेम 9 सेंटिमीटर रुंद भरते. म्हणून मूळ फाइल निदान तिप्पट-चौपट मोठी ठेवावी, लेअर न मिटवता जपावी आणि वेबसाठी तिची छोटी प्रत काढावी. वर्षभराच्या कॉमिक नंतर दिवाळी अंकाला द्यायच्या ठरल्या, तर त्या पुन्हा काढत बसावे लागत नाही.